विरघळलेला प्राणवायू आणि गोड्या पाण्यातील अपृष्ठवंशी प्राण्यांचे जातिवैचित्र्य

हंगेरीतील रसायनशास्त्रज्ञ लायोश विंक्लर याने १८८८ साली पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची जी रीत प्रसिद्ध केली, ती आजही आपल्या प्रयोगशाळांत वापरात आहे. बाटलीतील नमुन्यात मँगॅनीजचे लवण व अल्कयुक्त आयोडाइड घालावयाचे. जो तपकिरी अवक्षेप बसतो त्यात पाण्यातील प्राणवायू बांधला जातो. मग आम्ल घातले म्हणजे त्याच्या प्रमाणात आयोडीन मोकळे होते आणि ते थायोसल्फेटने मोजावयाचे. प्रकाशीय संवेदकांच्या या काळातही विद्यार्थ्याला हीच रीत प्रथम शिकविली जाते आणि ते योग्यच आहे. कारण तीत चूक कोठे होऊ शकते हे डोळ्यांना दिसते. मात्र या रीतीने हाती येणारा आकडा इतका नेटका असतो की त्यामुळे एक निराळीच चूक नकळत आपल्या पदरी पडते. आपण नदीकाठी अकरा-बाराच्या सुमारास पोहोचतो, बाटली भरतो, प्राणवायूची नोंद करतो आणि पुढे त्या स्थळी सापडलेल्या प्राण्यांच्या यादीशेजारी तो आकडा मांडून दोहोंचा संबंध शोधू लागतो. संबंध पुष्कळदा सापडत नाही. मग प्राणवायू हा त्या ठिकाणी महत्त्वाचा घटक नव्हे, असा निष्कर्ष निघतो.

प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे ते असे की, एखाद्या पाण्यात कोणत्या जाती टिकतील हे प्राणवायूच्या सरासरीवर ठरत नाही आणि दुपारच्या मापावर तर नाहीच नाही. ते वर्षातील सर्वांत वाईट अशा थोड्या तासांवर ठरते. त्या तासांतही पाण्यात प्राणवायू किती आहे एवढेच पाहून भागत नाही; तो प्राण्याच्या शरीरापर्यंत किती वेगाने पोहोचतो आणि प्राण्याला त्या वेळी किती हवा आहे, या दोहोंची तुलना करावी लागते.

पाण्यातील प्राण्याच्या दृष्टीने प्राणवायू किती दुर्मीळ असतो, याची कल्पना हवेत राहणाऱ्या आपणांस सहसा नसते. २०° सें. तापमानाच्या एक लिटर हवेत सुमारे २८० मि. ग्रॅ. प्राणवायू असतो, त्याच तापमानाच्या, हवेशी पूर्ण संपृक्त झालेल्या एक लिटर पाण्यात तो अवघा ९.१ मि. ग्रॅ. असतो. म्हणजे एक ग्रॅम प्राणवायू मिळविण्यासाठी हवेतील प्राण्याला साडेतीन-पावणेचार लिटर, वजनाने जेमतेम साडेचार ग्रॅम, हवा हाताळावी लागते; पाण्यातील प्राण्याला मात्र एकशेदहा लिटर, म्हणजेच एकशेदहा किलोग्रॅम पाणी हाताळावे लागते, आणि तेही त्यातील सगळाच्या सगळा प्राणवायू काढून घेता आला तर! याहून मोठी अडचण विसरणाची आहे. प्राणवायूचे पाण्यातील विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. अगदी निश्चल पाण्यात केवळ विसरणाने एक मिलिमीटर अंतर जावयास प्राणवायूला चार मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो आणि एक मीटर खोलीसाठी तो सात-आठ वर्षांवर जातो. तळ्याच्या तळाशी प्राणवायू पोहोचतो तो विसरणाने नव्हे, वारा पाणी घुसळतो म्हणून. ही गोष्ट पुढे एका सरोवराच्या संदर्भात पुन्हा लागणार आहे.

तापमान वाढले की पाण्याची प्राणवायू धारण करण्याची शक्ती घटते, हे सर्वपरिचित आहे. समुद्रसपाटीस संपृक्त पाण्यात ०° सें. ला १४.६, १०° ला ११.३, २०° ला ९.१ आणि ३०° ला ७.६ मि. ग्रॅ. प्रतिलिटर प्राणवायू मावतो. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी असल्यामुळे ३०° सें. च्या पाण्यात संपृक्त अवस्थेतील प्रमाण ७.१ च्या जवळपास येते. थंड प्रदेशातील ग्रंथांत स्वच्छ ओढ्याचा म्हणून दहा-अकरा मि. ग्रॅ. चा जो आकडा आढळतो, तो आपल्याकडे चैत्र-वैशाखात निर्मळ झऱ्यालाही हवेपासून मिळणे शक्य नाही. तो कोठे आढळलाच, तर त्याचे श्रेय शेवाळाला द्यावे लागेल आणि मग ती शंकेची गोष्ट ठरते. तिचा विचार पुढे येईल.

तथापि उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो म्हणून प्राणी गुदमरतात, हे सर्रास केले जाणारे विधान जसेच्या तसे बरोबर नाही. विल्को फेरबेर्क आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली फिकच्या विसरण-नियमापासून आरंभ करून असे दाखविले की, प्राण्याला होणारा पुरवठा तीन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असतो: प्राणवायूची विद्राव्यता, त्याचा विसरणांक आणि त्याचा आंशिक दाब. पाणी तापले की विद्राव्यता घटते खरी, परंतु विसरणांक त्याहून थोडा अधिक वेगाने वाढतो. त्यामुळे उष्ण पाण्यात पुरवठ्याची शक्यता किंचित वाढतेच. बिघडते ते दुसऱ्या बाजूला. २०° वरून ३०° पर्यंत जाताना शीतरक्त प्राण्याची प्राणवायूची गरज साधारणतः दुप्पट होते आणि किंचित वाढलेला पुरवठा तिला पुरा पडत नाही. उत्पन्न रुपयाला आणा वाढावे आणि खर्च दुप्पट व्हावा, तशी ही स्थिती होय. जातींची संख्या आणि प्राण्यांचे आकारमान यांच्याशी या पुरवठा-निर्देशांकाचा संबंध नुसत्या प्रमाणाच्या आकड्यापेक्षा अधिक सुसंगत आढळला, हे त्या अभ्यासाचे दुसरे फलित. थंड देशातील प्राण्यांवर ठरविलेली ‘सुरक्षित’ मर्यादा आपल्या ओढ्यांना लावू नये, याचे शास्त्रीय कारण येथे सापडते.

आता प्राण्यांकडे वळू. वाहत्या पाण्यातील दगडाच्या पृष्ठाला लागून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. प्राण्याच्या अंगालाही असाच थर चिकटलेला असतो आणि प्राणवायूला तो विसरणानेच ओलांडावा लागतो. प्रवाह जोराचा असेल तर हा थर मिलिमीटरचा लहानसा अंश इतका पातळ होतो. पाणी थांबले की तो जाड होतो. वर दिलेला वेळेचा हिशेब येथे लावून पाहावा: एक मिलिमीटरला चार मिनिटे, तर दशांश मिलिमीटरला अडीच सेकंद. स्वित्झर्लंडमधील हाइन्झ अँब्यूल यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसून आले. ऱ्हिथ्रोजेनासारख्या मे-माशीची अर्भके, म्हणजे पंख फुटण्यापूर्वीच्या जलचर अवस्था, प्रवाहात ठेवली असता कमी प्राणवायूतही निभावून नेतात. स्थिर पाण्यात मात्र तेवढाच प्राणवायू त्यांना पुरत नाही. म्हणजे पाण्याचे रासायनिक पृथक्करण तेच, पण एका ठिकाणी जीवन आणि दुसऱ्या ठिकाणी मरण. बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्यातून या जाती का नाहीशा होतात, याचे एक कारण गाळ हे आहे आणि दुसरे हे.

त्यापूर्वी, १९३७ साली, मन्रो फॉक्स आणि त्यांचे सहकारी यांनी ओढ्यातील बीटिस व तळ्यातील क्लोइऑन या दोन मे-माश्यांच्या अर्भकांची तुलना केली होती. पाण्यातील प्राणवायू घटत गेला तसतसे बीटिसचे श्वसन आरंभापासूनच घटत गेले. क्लोइऑनने मात्र पुष्कळ खालच्या प्रमाणापर्यंत आपले श्वसन जवळजवळ होते तेवढेच राखले. क्लोइऑनचे कल्ले पाण्यात सतत हलत राहून स्वतःभोवती प्रवाह निर्माण करतात. बीटिसला प्रवाह नदी पुरविते, म्हणून तिने ती सोय केलेली नाही. बीटिस काही मरणोन्मुख नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे. ती जिवंत होती, पण कमी श्वास घेत होती. म्हणजेच कमी खात, कमी वाढत आणि शेवटी कमी अंडी घालीत राहिली असती. प्रयोगशाळेत अर्धे प्राणी कोणत्या प्रमाणाला मरतात हे काढून त्यावर मर्यादा बेतणाऱ्यांनी या प्रयोगाचा विचार करावा. जातीचा लोप होण्यास तिच्या प्रत्येक व्यक्तीने तडफडून मरावे लागत नाही.

दुसऱ्या टोकाला आहेत ते कमी प्राणवायूत राहण्याची खास तजवीज केलेले प्राणी. कायरोनोमस या डासासारख्या, पण न चावणाऱ्या माशीच्या अळ्या तांबड्यालाल असतात. त्यांच्या रक्तद्रवात हीमोग्लोबिन विरघळलेले असते आणि त्याची प्राणवायूविषयीची ओढ इतकी तीव्र असते की, अत्यल्प दाबालाही ते भरून घेते. ट्युबिफेक्स व लिम्नोड्रिलस हे वलयी कृमी डोके चिखलात रोवून शेपटी पाण्यात हलवीत असतात. प्राणवायू जितका कमी, तितकी शेपटी अधिक बाहेर. ब्रँकियुरा सॉवर्बाय या आपल्याकडील कृमीने तर शेपटीलाच कल्ले धारण केले आहेत. याहून सोपा मार्ग म्हणजे पाण्यातील प्राणवायूचा नादच सोडून देणे. क्यूलेक्स डासाची अळी, घाण पाण्यातील एरिस्टॅलिस माशीची लांब शेपटीची अळी, पाणविंचू हे सारे नळीने थेट वरची हवा घेतात. आपल्या विच्छेदनाच्या थाळीत वर्षानुवर्षे येत असलेली पायला ग्लोबोसा ही तर एका बाजूस कल्ला आणि दुसऱ्या बाजूस फुफ्फुस बाळगते. प्रश्नपत्रिकेत आपण तिच्या या दुहेरी श्वसनाची आकृती मागतो, पण दख्खनच्या आटत्या, कोमट पाण्यात त्या आकृतीचा अर्थ काय हे क्वचितच विचारतो. लिम्निया व इंडोप्लॅनॉर्बिस या गोगलगाई फुफ्फुसाने श्वास घेतात, आणि इंडोप्लॅनॉर्बिसच्या रक्तात शिवाय हीमोग्लोबिनही असते.

जलकीटकांतील हवेच्या बुडबुड्याचा विषय मोठा रम्य आहे. बुडबुडा हा केवळ साठा नसून तो कल्ल्याचे काम करतो आणि त्यातील नत्रवायू संपेपर्यंतच ते काम चालते, हे डेन्मार्कच्या रिचर्ड एगे यांनी १९१५ च्या सुमारास दाखविले. पुढे १९४७ साली थॉर्प आणि क्रिस्प यांनी अ‍ॅफेलोकायरस या ढेकणाच्या अंगावरील, चौरस मिलिमीटरला वीस लाखांच्या घरात जाणारी सूक्ष्म केसांची लव कायमचा हवेचा थर कशी धरून ठेवते, ते स्पष्ट केले. असा थर बाळगणाऱ्याला पृष्ठभागावर यावे लागत नाही. मात्र सभोवतालचे पाणी प्राणवायूने भरलेले नसेल तर हाच थर उलटा प्राण्याच्या शरीरातील प्राणवायू पाण्याला देऊ लागतो. असो.

या सर्व तपशिलातून एक गोष्ट निघते. प्राणवायू घटला म्हणजे पाणी ओसाड होते, अशी जी सामान्य समजूत आहे ती चुकीची होय. पूर्ण प्राणवायुशून्य अवस्थेखेरीज पाणी ओसाड पडत नाही. त्याचे रहिवासी बदलतात. दोनतीन जाती अमाप वाढतात आणि उरलेल्या जातात. जर्मनीतील कोल्कविट्झ व मार्सोन यांनी १९०८ व १९०९ साली दूषित पाण्याच्या पायऱ्या व त्यांतील निदर्शक जीव यांची जी मांडणी केली, तिचे बीज हेच. प्राण्यांची एकूण संख्या किंवा वजन मोजणाऱ्याला अशा वेळी पाणी समृद्ध झाल्याचा भास होतो. आपल्या दृष्टीने त्याला आणखी एक बाजू आहे: मोकळी झालेली जागा कोण घेतो? हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्यूलेक्स आणि गुरांतील पर्णकृमींचा वाहक असलेला इंडोप्लॅनॉर्बिस हे दोघेही हवेतून श्वास घेणारे आहेत. प्राणवायूच्या ऱ्हासाने त्यांचे काहीच बिघडत नाही, त्यांचे शत्रू व स्पर्धक मात्र जातात.

थोडक्या वाईट दिवसांचा परिणाम किती दूरवर पोहोचू शकतो याचे सर्वांत चांगले नोंदलेले उदाहरण उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवराचे आहे आणि ते थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. या सरोवराचा पश्चिम भाग उथळ, सरासरी साडेसात मीटरांहूनही कमी खोलीचा आहे. वाऱ्याने तो वरपासून तळापर्यंत घुसळला जातो, म्हणून तेथील तळाला प्राणवायूची ददात पडेल असे कोणाला वाटले नव्हते. त्या मऊ चिखलात हेक्झाजीनिया या मोठ्या मे-माशीची अर्भके इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची बिळे करून राहत. कल्ल्यांच्या लाटेसारख्या हालचालीने बिळातून पाणी खेळवावयाचे, चिखलातील सेंद्रिय कण खावयाचे आणि एकदोन वर्षांनी एखाद्या उन्हाळी संध्याकाळी पृष्ठभागावर येऊन पंख पसरावयाचे, असा त्यांचा क्रम. प्रौढ माशीला खाता येत नाही. ती एकदोन दिवसच जगते. त्यांचे थवे एवढे असत की, काठावरील गावांत दिव्यांखाली मेलेल्या माश्यांचे ढीग फावड्यांनी उचलावे लागत. तळाच्या प्रत्येक चौरस मीटरात सरासरीने काहीशे अर्भके असत आणि सरोवरातील मासे त्यांवर पोसले जात.

१९५३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस तेथे दीर्घकाळ उष्ण आणि निर्वात हवा राहिली. वरचे पाणी तापून हलके झाले, खालचे थंड व जड राहिले आणि वारा नसल्यामुळे दोन्ही थर मिसळेनात. तळाच्या चिखलात सेंद्रिय द्रव्य साठलेले होतेच. काठावरच्या शहरांचे सांडपाणी आणि शेतांतून वाहून आलेली खते यांनी वाढलेले शेवाळ मरून तळाशी जात होते. त्याच्या कुजण्याने खालच्या पातळ थरातील प्राणवायू काही दिवसांतच संपत आला. तळालगत तो एक मि. ग्रॅ. प्रतिलिटरच्याही खाली गेला. ओहायओ राज्य विद्यापीठाचे एन. विल्सन ब्रिट यांनी सप्टेंबरच्या आरंभी तळाचे नमुने काढले, तेव्हा त्यांत मेलेल्या अर्भकांचा खच निघाला. पुढे वारा सुटला, पाणी घुसळले गेले, प्राणवायू पूर्ववत् झाला. आणखी काही दिवसांनी कोणी बाटली भरली असती, तर सरोवरात काही घडले होते असा संशयही त्या बाटलीवरून आला नसता.

येथे एक बारकावा सोडू नये, कारण लोकप्रिय लेखनात तो नेहमी सुटतो. हेक्झाजीनिया त्या एका आघाताने नाहीशी झाली नाही. १९५४ मध्ये लहान अर्भकांची संख्या बरीच सावरल्याचे ब्रिट यांनीच नोंदविले. अंडी घालणाऱ्या माश्या इतरत्र शिल्लक होत्या आणि जात उभारी धरू पाहत होती. पण तसे दिवस पुन्हा पुन्हा आले. ज्या प्राण्याला मोठे होण्यास एकदोन वर्षे लागतात त्याला मधल्या काळात एकही वाईट आठवडा परवडत नाही. काही आठवड्यांत पिढी उरकणाऱ्या कायरोनोमसला तो परवडतो. कार आणि हिल्टुनेन यांनी १९३० व १९६१ या दोन वर्षांच्या नमुन्यांची तुलना करून १९६५ साली जे प्रसिद्ध केले, त्यात हेक्झाजीनिया पूर्वीच्या एक टक्क्याहूनही कमी उरली होती. वलयी कृमी सुमारे नऊपट आणि कायरोनोमिड अळ्या सुमारे चौपट झाल्या होत्या. तळ भरलेला होता. फक्त तो दुसऱ्यांनी भरला होता.

अमेरिका व कॅनडा यांच्यात १९७२ साली करार होऊन सरोवरात जाणाऱ्या फॉस्फरसवर बंधने आली. पाण्यातील फॉस्फरस पुढील दशकात उतरला. तरी हेक्झाजीनिया परतली नाही. ती पश्चिम भागात पुन्हा दिसू लागली ती १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, म्हणजे आघातानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. पाणी सुधारले तरी चिखलात साठलेली प्राणवायूची भूक लवकर शमत नाही, हे या विलंबाचे एक कारण असावे. याच काळात परदेशातून आलेल्या पट्टेदार शिंपल्यांनी पाणी गाळून तळाची स्थिती पालटली, याचाही वाटा त्यात काहींनी मानला आहे. पुढे या माश्यांचे थवे हवामानखात्याच्या रडारवर दिसू लागले, आणि त्याच रडारच्या नोंदींवरून २०२० साली असे प्रसिद्ध झाले की, मागील काही वर्षांत त्यांची संख्या पुन्हा निम्म्याहून अधिक घटली आहे.

ईरीवर वारा पडल्याने जे काही दिवसांत घडले, ते शेवाळयुक्त पाण्यात रोज रात्री लहान प्रमाणावर घडत असते. आपल्या नद्यांशी या विषयाचा संबंध मुख्यतः येथे येतो. दख्खनच्या नद्या उन्हाळ्यात वाहत्या राहत नाहीत. त्यांच्या डोहांच्या माळा होतात. त्यांत गावाचे सांडपाणी मिळाले की शेवाळ माजते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाने ते पाण्यात प्राणवायू ओतते. दुपारी दोन-तीन वाजता प्रमाण संपृक्ततेच्या दीडपटीवरही जाऊ शकते. सूर्य मावळला की उत्पादन थांबते, पण शेवाळ, जीवाणू आणि प्राणी या सर्वांचे श्वसन रात्रभर चालूच राहते. पहाटे, उजाडण्यापूर्वी, तळ गाठला जातो. दुपारी बारा मि. ग्रॅ. दाखविणारा डोह पहाटे एक-दोन मि. ग्रॅ. वर असू शकतो. यास्तव दुपारचा आकडा जितका उंच, तितकी पहाटेची चिंता अधिक, असा उलटा न्याय येथे लागू पडतो. जलपर्णीने झाकलेल्या पाण्यात तर दुपारचाही दिलासा नसतो: तिची पाने हवेत असल्याने त्यांतून निघणारा प्राणवायू हवेत जातो, खाली प्रकाश पोहोचत नाही आणि पृष्ठभागावर वाऱ्याचा स्पर्श होत नाही. मृगाच्या पहिल्या जोरदार सरींनी नाल्यांतील व डोहांतील कुजका गाळ एकदम ढवळून निघतो, तेव्हाही असेच घडते. मासे वर तरंगू लागले की वर्तमानपत्रांत बातमी येते. तळाच्या अर्भकांची बातमी होत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत वन्यजीव व मत्स्यसंवर्धन यांसाठीच्या पाण्याला किमान ४ मि. ग्रॅ. प्रतिलिटर प्राणवायूची अट आहे. आकडा मुळात वाजवी आहे. पण तो कोणत्या वेळचा? महिन्यातून एकदा, दिवसाच्या सोयीच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात ४ हून अधिक भरले म्हणजे अट पुरी झाली असे मानणे, हे रात्रीच्या पहारेकऱ्याची हजेरी दुपारी घेण्यासारखे आहे. जीवरासायनिक मागणीचे माप, जे आपल्याकडे २७° सें. ला तीन दिवस ठेवून काढतात, त्याने पाण्याची भूक कळते. पण चिखलाची भूक त्यात येत नाही, आणि उथळ डोहात तीच पुष्कळदा भारी असते.

प्राण्यांची यादी या बाबतीत रसायनशास्त्राला मागे टाकते, कारण तळाचा प्राणी तेथे रात्रंदिवस हजर असतो. पण यादीही वाचता आली पाहिजे. ब्रिटनमध्ये १९७६ नंतर तयार झालेल्या कुलनिहाय गुणांकन-पद्धतीवर आधारलेले निकष आपल्या केंद्रीय मंडळानेही स्वीकारले आहेत; तिच्यात प्रस्तर-माश्यांच्या बहुतेक कुलांना दहा गुण, कायरोनोमिडांना दोन आणि वलयी कृमींना एक. पद्धत उपयुक्त आहे, परंतु दोन ठिकाणी ती आपल्याला फसवू शकते. प्रस्तर-माश्यांची समृद्धी हा थंड प्रदेशांचा विशेष आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत मुख्यतः निओपर्ला आणि तिची थोडी भावंडे आढळतात. तेव्हा आपल्या स्वच्छ ओढ्याचे गुण मुळातच कमी भरावयाचे. शिवाय कायरोनोमिड हे एकच कुल धरले, तर चिखलातील तांबडी अळी आणि धबधब्याच्या शिळेवरील तिची नाजूक नातेवाईक यांना एकाच मापाने दोन-दोन गुण मिळतात. कुलापाशी थांबण्याचा मोह सोडून निदान प्रजातीपर्यंत ओळख पटविण्याचे काम आपल्या विभागांनी हाती घेतल्याखेरीज ही अडचण सुटावयाची नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ते कंटाळवाणे काम आहे, हे मान्यच आहे.

यादी वाचताना वयाकडेही पाहावे. युरोपातील मार्गारिटिफेरा हा मोती देणारा शिंपला शंभर वर्षांहूनही अधिक जगतो. तेथील अनेक नद्यांत त्याच्या वस्त्या अजून आहेत, मात्र त्यांत पिले नाहीत. प्रौढ शिंपला वाळूवर बसून वाहत्या पाण्यातून श्वास घेतो. पिलू आपली पहिली काही वर्षे खड्यांच्या फटींत पुरून काढते. फटींत बारीक गाळ बसला की तेथला प्राणवायू जातो, आणि वरच्या पाण्याचे पृथक्करण मात्र निर्दोष येते. जातींच्या यादीत मार्गारिटिफेरा हजर असते, कदाचित आणखी पन्नास वर्षेही राहील. आपल्या लॅमेलिडेन्स व पॅरेसिया या शिंपल्यांच्या वस्त्यांत लहान कवचांचे प्रमाण किती, हे मोजावयास फुटपट्टीखेरीज काहीच लागत नाही.

या वर्षीच्या क्षेत्रकार्यासाठी म्हणून काही सूचना. एका स्थळाच्या चार फेऱ्या करण्याऐवजी एकदाच मुक्काम करून दर तीन तासांनी, निदान मावळतीला, मध्यरात्री, उजाडण्यापूर्वी आणि दुपारी, अशा चार वेळा नमुने घ्यावेत. ते शक्यतो मार्च ते मे या काळात आणि शक्यतो वारा पडलेल्या रात्री. बाटली पृष्ठभागावर न भरता तळापासून वीतभर अंतरावर भरावी व तापमान त्याच जागी घ्यावे. प्रमाणाबरोबर संपृक्ततेची टक्केवारी स्थळाची उंची धरून काढावी. प्राणी वेचताना प्रवाहातले दगड आणि डोहाचा चिखल यांचे नमुने एकत्र करू नयेत. अंधारात अनुमापन करण्याचा खटाटोप मात्र कोणी करू नये: अवक्षेप तेवढा नदीकाठी लगेच बसवावा, बाटली गच्च झाकून सावलीत ठेवावी, आम्ल आणि थायोसल्फेट त्याच दिवशी प्रयोगशाळेत परतल्यावर घातले तरी चालते.